रामपत्रीच्या अकरा बिया

बाळे वेस, सोलापूर
ज्येष्ठ वद्य सप्तमी, शके १८५४

सिद्धनाथास,

तीन वर्षं तुझी एक ओळ न्हाय, आणि चार दिसांमागं दुपारी दारात एक पोटुशी बाई उभी. संगं एक माणूस. म्हणाला, "आजीबाई, मी शरणप्पा, अक्कलकोटचा. तुमच्या सिद्धनाथासंगं कारवारच्या जंगलात रखवालदार हाय. ही त्याची बायको, निंगव्वा. सहावा महिना चाललाय. तितला हिवताप पोटुशीला सोडत न्हाय, म्हणून त्यानं हितं धाडली."

मी म्हटलं, "सिद्धनाथ कोण?"

त्याला काय ठाऊक. तुलाही ठाऊक न्हाय म्हणून लिवते. माझ्या भावाच्या नातीशी मोहोळला ठरलेलं लग्न टाकून तू पळालास, त्याच्या दहाव्या दिवशी मी तुझ्या नावानं अंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं, दगडाबाई सुईण साक्षीला हाय. मेलेल्या माणसाची बायको सहा महिन्यांची पोटुशी कशी, ते आता तूच लिव.

शरणप्पा म्हणाला, "तुमचं तुमी नंतर बघा की आजी. तिला पाणी तरी द्या. होटगीला गाडी चुकली, कालपासून पोटात काय न्हाय."

पाणी दिलं. तांब्या घेताना ती म्हणाली, "अज्जी." तेवढा एक शब्द आमच्या दोघींचा सारखा निघाला. बाकी तिचं कानडी मला कळत न्हाय, माझं बोलणं तिला कळत न्हाय. बरं हाय. भांडणाचा वेळ वाचतो.

हे पत्र माझ्या हातचं हाय. प्लेगच्या छावणीत मास्तरांच्या विधवेनं कोळशानं फरशीवर शिकवली तेवढीच अक्षरं. दुसऱ्याकडून लिवून घेतलं तर त्याला आपलं घर कळतं.

शरणप्पा दोन दिस ओट्यावर पडून होता. तो तुझ्या जंगलाचं सांगत होता. म्हणे तितं झाडावर झाड वाढतं, त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर फूल. मी म्हटलं, म्हणजे सगळे भाडेकरूच की. म्हणे खाली भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. पाऊस थांबला तरी दोन घटका पानांवरनं पडतच राहतो. असल्या जागी माणूस कशाला राहील? ज्याला तोंड दाखवायचं नसेल तो राहील.

तुझ्या बायकोनं एक टोपली आणलीय. कपडे गाठोड्यात नि टोपलीत ओला चिखल, वर शेवाळ. शेवाळाखाली अकरा बिया, जांभळाच्या चौपट. रोज सकाळी उठली की आधी टोपलीवर पाणी शिंपडते, मग तोंड धुते. शरणप्पा म्हणाला, "रामपत्रीच्या हायत. तिच्या माहेरच्या पाणथळातल्या. त्यांची रीत हाय, पोटुशी बाईनं बी राखायचं. मूल झालं की त्याच्या नावानं तितंच नेऊन लावायचं." रामपत्री मला माहीत हाय, मसाल्यात घालतो ती. ती झाडाला येते हे मात्र आज कळलं.

ठेवून घेतलीय तिला. तुझ्यासाठी न्हाय. सहा महिन्यांचं पोट दारातनं परत लावलं तर पेठेत लोक माझ्याच तोंडाकडं बघतील.

केराबाई


बाळे वेस
श्रावण शुद्ध दशमी

सिद्धनाथास,

शरणप्पा सांगून गेला होता, पावसात तुमचा ओढा चढला की टपाल दसऱ्याबिगर पोचत न्हाय. तरी लिवते. इथल्या डब्यात तरी पडेल.

तुझी बायको पंधरा दिवस तापानं निजून होती. जंगलातला ताप अंगात घेऊनच आली होती. पोस्टातनं क्विनाइनच्या पुड्या आणल्या, तोंड वाकडं करीत खाल्ल्या तिनं. आता उठून बसते. भाकरी थापायला शिकवली. पहिली भाकरी कारवारच्या नकाशासारखी झाली, शेळीनंसुद्धा हुंगून सोडली.

एक काम मी चांगलं केलंय, ते सांगते. ती निजली होती तेव्हा त्या टोपलीला वास मारायला लागला. बघितलं तर शेवाळाला बुरा, बिया बुळबुळीत, दोन-तीन तर तडकलेल्या. म्हटलं, पोरीनं येवढ्या लांबनं आणलंय नि नासवतेय. बी राखायचं म्हणजे काय हे तितल्या लोकांना कोण शिकवणार?

चिखल-शेवाळ सगळं उकिरड्यावर टाकलं. बिया धुतल्या, पुसल्या, घराच्या धाब्यावर फडक्यावर पसरल्या. पावसानं दडी मारलीय, ऊन कडक. नऊ दिस वाळवल्या, रोज चारदा हातानं फिरवल्या, कावळे हाकलत धाब्यावर बसले. मग शेळीच्या लेंड्यांची राख चाळून तीत घोळल्या, गाडग्यात भरल्या, तोंड शेणामातीनं लिंपलं. संवत छप्पनच्या दुष्काळात माझ्या सासूनं असंच शाळूचं बी राखलं होतं. घरात खायला कण नव्हता, पण त्या गाडग्याला कुणी हात लावला न्हाय. तिसऱ्या वर्साला पेरलं तर दाणा न् दाणा उगवला. तुझा बाप त्या भाकरीवर वाढला.

ती उठली तशी टोपली हुडकायला लागली. मी गाडगं तिच्या मांडीवर दिलं. हातानं दाखवलं, आत हायत, सगळ्या अकरा. तिनं गाडगं कानाशी धरलं नि हलवलं. खडखड वाजलं. मी म्हटलं, ऐक, कशा वाळल्यात.

तिच्या डोळ्यांना पाणी आलं. बाळंतपण जवळ आलं की बायका कशानंही रडतात. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण लिवलं गेलं, आता खोडत न्हाय. शाई सांडेल.

केराबाई


बाळे वेस
कार्तिक शुद्ध तृतीया

सिद्धनाथास,

आश्विनात मुलगी झाली. दगडाबाईच्या हातानं सुटली. काळी हाय, केस दाट, रडणं गिरणीच्या भोंग्यासारखं. बारशाला नाव ठेवलं, चिमा. तुझ्या आईचं नाव उगाच पडून होतं.

तुझं पत्र आलं. पाच पानं. त्यात बायको कशी हाय हे दोन ओळी नि उरलेली झाडं. माझं श्रावणातलं पत्र पोचलं नसल्याचं दिसतंय. न्हाय पोचलं तर न्हाय पोचलं. त्यात काही विशेष नव्हतं.

तू त्या झाडाचं लिवलंस ते मी दोनदा वाचलं. पाखरू उंबरासारख्या झाडाचं बी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर टाकतं. ते वरच रुजतं नि खाली मुळं सोडतं. मुळं भुईला लागली की जाड होतात, एकमेकींत गुंततात, आतल्या झाडाला मिठी मारतात. शंभर वर्सांनी आतलं झाड कुजून जातं नि मिठी तेवढी उभी राहते. आत माणूस उभा राहील येवढी पोकळी. लिवतोस, "आज्जी, मी त्या पोकळीत उभा राहिलो तेव्हा तुझी आठवण झाली." ज्यानं त्यानं आपलं शहाणपण आपल्याजवळ ठेवावं. माझी मिठी नसती तर आई मेल्यावर तू चार महिन्यांचा कुणाच्या अंगावर वाढला असतास?

पाणथळाचंही वाचलं. त्या चिखलात मुळांना वारा मिळत न्हाय, म्हणून मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात नि श्वास घेऊन पुन्हा खाली जातात. धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी बियावरची लाल पत्री खातो नि बी लांब नेऊन टाकतो. आणि ते पाणथळ एका सावकारानं सुपारीसाठी घेतलं, भाद्रपदात झाडं तोडली, पाणी काढून दिलं. आता तितं नुसता लाल चिखल. लिवतोस, जंगल येवढं दाट असून खाली माती चार बोटंच, सगळा कस उभ्या झाडांतच. पान पडलं की महिन्यात कुजतं नि मुळं ते परत ओढून घेतात. झाडं गेली की पावसानं दोन वर्सांत खडक उघडा पडतो, सुपारी काय येणार कपाळ. हे मला पटलं. हितं माती हाय नि पाणी न्हाय, तितं पाणी हाय नि माती न्हाय. देवानं वाटणी करताना तुझ्यासारख्याला बसवलं असंल.

शेवटी लिवलंस, "त्या पाणथळातलं आता काही उरलं न्हाय, निंगव्वानं नेलेल्या अकरा बियाच. त्यांना हातभर कोंब आले असतील. ओल मोडू देऊ नकोस. आपल्याकडं बी थांबतं, झाड थांबत न्हाय. हितं उलट हाय. रोप सावलीत दहा-दहा वर्सं थांबतं, एखादं मोठं झाड पडून ऊन येईस्तोवर. पण बी पंधरा दिवस सुकलं की मेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक ओलीची जागा हाय, सरकारी हद्दीत, तितं कुणी तोडणार न्हाय. मार्गशीर्षात शरणप्पाला धाडतो, निंगव्वा, पोर नि रोपं संगं दे."

बिया जिथं ठेवल्यात तिथं हायत.

पोर पाठवायचं बोलू नकोस. आईचा ताप तिच्या अंगात उतरला न्हाय हा दगडाबाईचा हातगुण. दोन महिन्यांच्या पोराला त्या चिखलात नेऊन काय करणार, धनेशाला घालणार?

केराबाई


बाळे वेस
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

सिद्धनाथास,

तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत एकच विचारलंस, कोंब किती वाढले. शरणप्पाला सुटी मिळाली न्हाय हे बरं झालं, त्याच्या हातात मी काय देणार होते?

कोंब न्हायत. बिया मेल्या. मी मारल्या.

श्रावणातल्या पत्रात सगळं लिवलं होतं, अभिमानानं लिवलं होतं. ते ओढ्यात वाहून गेलं असंल तर चांगलं झालं. टोपलीतलं शेवाळ मी फेकलं. बिया मी उन्हात घातल्या, राखेत घोळल्या, गाडग्यात कोंडल्या. तडकलेल्या म्हणून ज्या मला नासक्या वाटल्या, त्यांना कोंब फुटत होते. तुझं पत्र वाचल्यावर ते कळलं. त्या दिवशी निंगव्वा विहिरीवर गेल्यावर गाडगं फोडलं. एक बी अडकित्त्यात धरून कातरलं. आत जुन्या सुपारीसारखं, नुसतं भुसकट. बाकीच्या आठ दिवस रांजणाच्या तळाशी भिजत ठेवल्या. फुगल्या न्हायत. पाण्याला तेवढा वास आला, ते पाणी मी गुपचूप ओतून दिलं.

तिनं गाडगं कानाशी धरलं तेव्हाच तिला कळलं होतं. ओलं बी वाजत न्हाय. मला मेलीला ते आता कळतंय.

एक गोष्ट लिव. तू माझ्या हातचा वाढलास. धान्याच्या गाडग्यांत उभा राहून वाढलास. आजी बी कसं राखते हे तुला ठाऊक नव्हतं? बायकोच्या हातात टोपली देताना दोन ओळी माझ्यासाठी खरडल्या असत्यास तर हात मोडला असता? मेलेल्या आजीला पत्र कशाला लिवायचं, असंच ना? मी तुझ्या नावानं अंघोळ केली ते मी सांगितलं तरी. तू न सांगताच केलीस.

दोष माझाच हाय. पण सगळा एकटीनं वाहणार न्हाय.

आणि बी मेलं म्हणून पोर देणार न्हाय. हा हिशोब तू मनात मांडशील, मांडू नको. मी पाच बाळंतपणं केली, चार पुरली. पाचवा तुझा बाप, तोही गिरणीच्या पट्ट्यात गेला. तुला वाचवलं ते ह्याच कोरड्या हवेत, शेळीच्या दुधावर. पोर हितं जगेल. तुझ्या बायकोला जायचं असंल तर जाऊ दे, मी दार धरत न्हाय. चिमा हितं राहील. तिला कसं वाढवायचं हे मला कळतं.

केराबाई


बाळे वेस
माघ शुद्ध अष्टमी

सिद्धनाथास,

हे पत्र टपालात टाकलं न्हाय. शरणप्पाच्या हातात देते, म्हणजे वाहून जायचं न्हाय. वाचताना तुझ्यासमोर चौघं असतील. बायको, पोर, शरणप्पा नि एक शेळी. घाबरू नको, सगळं सांगते.

पौषात निंगव्वाचं दूध आटलं. दगडाबाईनं मेथी दिली, शेपा दिल्या, अळीव दिले. काही झालं न्हाय. मी चिमाला शेळीचं दूध पाजायला लागले. पोर बाळसं धरायला लागली नि आई उतरायला लागली. ती कामाला मागं न्हाय, तुला उगाच वाटंल मी राबवली. सकाळी उठते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. आता माझ्यापेक्षा गोल थापते. पोर तिच्या मांडीवर दिली तर घेते, उचलली तर देते. रडत न्हाय. बोलत न्हाय. आधी कानडीत शेळ्यांशी तरी बोलायची. ताप न्हाय, खोकला न्हाय. सुकत चाललीय येवढंच.

काल ती शेळ्यांच्या वाड्यात लेंड्या काढत होती. हातात पाटी, पायांत जोडवी सैल झालेली. चालली तशी जोडवी वाजली. मी दारात बसले होते. तो आवाज मला ओळखीचा होता. गाडगं हलवावं लागलं न्हाय ह्या वेळी.

त्याच दिवशी दुपारी शरणप्पा आला. मी त्याला विचारलं, "हिला विचार, बियांचं तुला पहिल्यापास्नं कळलं होतं, मग माझ्या अंगावर का आली न्हायस? नवऱ्याला का कळवलं न्हायस?"

तो कानडीत बोलला. ती चार शब्द बोलली. शरणप्पा माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती म्हणते, अज्जीनं धाब्यावर बसून कावळे हाकलले. रागानं केलं असतं तर भांडले असते."

सिदा, रागानं केलं असतं तर बरं झालं असतं रे. रागानं केलेलं मी आजवर कधी विसरले न्हाय, पण त्याचा त्रासही करून घेतला न्हाय.

मी शरणप्पाला म्हटलं, "तिला सांग, उद्या निघायचं. पोर घेऊन."

त्यानं सांगितलं. तिला खरं वाटेना. माझ्याकडं बघितलं नि चिमाला छातीशी येवढी आवळली की पोर ओरडली. मग घरभर हिंडून गाठोडं बांधायला लागली. तिच्या पायांत येवढा जोर कुठनं आला? महिनाभर मी तिला शेपा खाऊ घालत होते, नि औषध गाडीच्या तिकिटात होतं.

पोरीला दूध पाहिजे म्हणून गुंडीला पाठवतेय. गुंडी म्हणजे ती तपकिरी शेळी, दोन वेताची, दूध भरपूर. शरणप्पा म्हणाला, "आजी, तितं वाघ हाय." मी म्हटलं, वाघाला सांग, पोर दात येईस्तोवर थांब. गार्डाच्या डब्यात बांधून नेता येईल तिला. मला माहीत हाय ती तितं टिकणार न्हाय. माळावरचं जनावर ते, तुमच्या चिखलात खुरं कुजतील. तोवर दूध देईल. कुजलेल्या खुरांना चुना नि हळद लाव. वाचव म्हणत न्हाय, वापर.

आईला पुन्हा पान्हा फुटला तर चिमाला शेळीचं तोडून टाक. क्विनाइनच्या पुड्या गाठोड्यात हायत, मधात घोळून चाटव. पोरीला मच्छरदाणीत निजव, मग ती निजायला रडो की ओरडो. आणि भिंतीला ओल आलेल्या खोपटात ठेवू नको. इथपर्यंत लिवलं नि हात थांबला. ओल कुठं चांगली नि कुठं वाईट, हे मला आता कळत न्हाय. तू बायकोला विचारून कर.

दहा बिया त्याच टोपलीत बांधून दिल्यात. रुजणार न्हायत. पण तितल्या मातीत महिन्यात कुजतील असं तूच लिवलं होतंस, मग कुठल्यातरी मुळाला मिळतील. हितं माझ्या राखेत त्या शंभर वर्सं तशाच राहतील. तू म्हणाला होतास त्या वरच्या ओलीत पुर. पोरीच्या नावानं लावायचं बी मी मारलं, तेव्हा पोरीला मोठी झाल्यावर कोण दोषी ते सांग. माझं नाव सांग. केराबाई, बाळे वेस. लपवू नको.

गाडग्याचे तुकडे कुंभाराच्या दारात टाकून आले. नवं गाडगं आणलंय. त्यात शाळूचं बी भरलं, राख घातली, तोंड लिंपलं. ते मला जमतं.

एक बी दिलं न्हाय. अडकित्त्यानं कातरलेलं ते, अर्धं. चंचीत सुपारीसंगं ठेवलंय. सुपारी काढायला बोटं घातली की आधी तेच हाताला लागतं. दरवेळी वाटतं ही सुपारी, नि दरवेळी न्हाय.

मला पत्र टाकलंस तर झाडांचं लिवू नको. पोरीला दात कधी आला तेवढं लिव.

केराबाई

अंघोळीचं मागं लिवलं होतं. ती उतरवायची काय रीत असती ते मी दगडाबाईला विचारलं. ती म्हणाली अशी रीत न्हाय, आजपातुर कुणाला लागली न्हाय.